वटवट्याची गैरहजेरी

प्रिय ठमे,

पत्र बघून हसशील. आज रविवार, पण मोजणीला गेले नाही. अंगात त्राणच नाही, म्हणून लिहायला बसले.

निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या मोजणीत नाव घातलं, ते तुला ठाऊकच आहे. सकाळी तळ्याकाठी ठरलेल्या जागी उभं राहायचं, जो पक्षी दिसेल किंवा नुसता ऐकू येईल तो लिहून पाठवायचा. बिनपगारी, फुल अधिकारी, म्हणायचे तुझे बाबा. ते गेल्यावर घराबाहेर पडायला तेवढंच एक निमित्त उरलं. तिथल्या गवतात वटवट्या नावाचा बोटभर पक्षी असतो. तो सहसा दिसत नाही, वटवट ऐकूनच ओळखायचा. बाबा मलाही त्याच नावाने चिडवायचे. गेले दोन हंगाम मी त्याला गैरहजर लिहीत होते. वाटलं, गेला बिचारा. जातातच सगळे.

ते वाचून मोजणीची प्रमुख घाबरली. तुझ्याच वयाची आहे. तळ्याकाठचं गवत मरत चाललंय की काय, ते बघायला मागच्या रविवारी स्वतः आली. माझ्या शेजारी उभी राहिली मात्र, तिचा चेहराच खुलला. म्हणाली, मावशी, अहो केवढा ओरडतोय, अगदी तुमच्या पुढ्यात! मी वाकून पाहिलं. गवताच्या काडीवर बसून तो चोच उघडत होता, मिटत होता. मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तिच्या ते लक्षात आलं. तिने माझ्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली. तेवढ्यानेच मला रडू फुटलं.

कानाचे डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, मग माणसांचं बोलणंही अर्धवट पोचतं, फोनवर तर फारच. यंत्र यायला वेळ आहे. माझ्या त्या नोंदी मी रद्द करायला सांगितल्या. दोन वर्षांची पायपीट पाण्यात गेली.

पण ठमे, त्याचं मला एवढं नाही. गेल्या महिन्यात तुझा फोन आला होता. बराच वेळ बोललीस. मला शब्द लागत नव्हते आणि सारखं काय, काय विचारायची लाज वाटत होती, म्हणून म्हटलं, वा, छान झालं! तू तडक फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन नाही. काय सांगत होतीस गं? जे असेल ते सगळं लिहून पाठव. डोळे अजून शाबूत आहेत माझे.

तुझीच,
आई