तळघरात माल होता

मी, मोरेश्वर गजानन खांबेटे, वय चौऱ्याहत्तर, शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या 'सुलेखा फराळ' या दुकानाचा मालक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे, असं डॉक्टरांचंही म्हणणं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र मी फाडून टाकलं आहे. त्यात माझ्या मुलाचं, परीक्षितचं, नावच नव्हतं.

कलम १. दुकानावरचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी प्रीता हिला. अंमलबजावणीही तिनेच करावी. इंग्रजी प्रत वकील करतील. पण आधी तिने हे सगळं परीक्षितला मोठ्याने वाचून दाखवावं, कारण त्याला मराठी वाचता येत नाही. तो मध्येच उठला तर खांदा धरून खाली बसवावं.

कलम २. आमच्या इथल्या मराठी मंडळाला दुकानातली एक पळीसुद्धा देऊ नये. माझी बायको सुलेखा गेली तेव्हा त्यांनी शोकसंदेशात 'गर्दीतला दुर्दैवी अपघात' असं लिहिलं. तो अपघात नव्हता.

कलम ३. पितळी सोऱ्या परीक्षितला. त्याची एक बाजू चेपलेली आहे, ती ठोकून सरळ करू नये. ती का चेपली ते इथे लिहून ठेवतो.

सुलेखा दर गुरुवारी गिऱ्हाइकांना एक ईमेल पाठवायची. जे आहे तेच लिहायचं, नाही ते लिहायचं नाही, आणि कोणी नको म्हटलं तर त्याचं नाव त्याच दिवशी काढायचं, एवढेच तिचे नियम. 'या खेपेला चकली तेलकट झाली आहे, पुढच्या आठवड्यात घ्या,' असंही ती लिहायची. मी कपाळाला हात लावायचो, आणि पुढच्या आठवड्यात चकली दुपारपर्यंत संपायची.

परीक्षित दूर फ्रिस्को शहरात कंपन्यांसाठी हेच, गिऱ्हाइकांना मेल पाठवायचं, काम करतो. दिवाळीला आला आणि म्हणाला, आईचं हे असं चालणार नाही, लोकांना घाई वाटायला हवी. सुलेखा म्हणाली, "तळघरात माल आहे आणि संपला म्हणून लिहू?" विषय तिथेच संपला असं आम्हाला वाटलं. शनिवारी सकाळी त्याने आम्हाला न विचारता तिच्या नावाने मेल पाठवला: फक्त चाळीस डबे उरलेत, बारा वाजता दार बंद. खाली लाल आकड्यांचं उलटं घड्याळ. तळघर तेव्हा छतापर्यंत भरलेलं होतं.

दुसऱ्या कोणाच्या नावाने मेल गेला असता तर लोक हसले असते. सुलेखाने कधी खोटं लिहिलं नव्हतं, म्हणून ते धावत आले. बाराच्या सुमारास दारात कोपरं चालली, एका गृहस्थाचा दात पडला, बाबागाडी उलटली. लोकांना शांत करायला सुलेखा दाराशी गेली. "अहो काका, भरपूर आहे, ढकलू नका," एवढंच ती म्हणाली आणि काच फुटून तिच्या मानेवर आली. पडलेल्या बाईवरून माणसं आत घुसली. चिवड्याच्या टोपल्यात रक्त होतं, आणि तरी एक हात डबा उचलत होता.

परीक्षित मागून आला आणि म्हणाला, "बाबा, इट्स जस्ट अर्जन्सी. एव्हरीबडी डझ इट." माझ्या हातात सोऱ्या होता, तो मी त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडलं, सोऱ्या चेपला. त्याने पोलिसांना पडलो म्हणून सांगितलं. तो फटका मी परत घेत नाही.

कलम ४. हॉस्पिटलमध्ये सुलेखा मला म्हणाली, "गुरुवारी खरं काय ते लिहून टाका." बुधवारी ती गेली. त्यानंतर आमच्याकडून एकही मेल गेलेला नाही. मी लिहायला बसलो की हात शिव्यांवर जातो, आणि तिच्या नावाने शिव्या जाऊ नयेत.

म्हणून दुकान आणि मेलची यादी परीक्षितला देतो, एका अटीवर. मी गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी त्याने स्वतःच्या नावाने सर्वांना मेल पाठवावा. त्यात लिहावं: तळघरात माल होता, आईला ठाऊक नव्हतं, मेल मी पाठवला. घड्याळ, चित्र, सवलत काही नको. नाही पाठवला तर दुकान विकावं आणि यादी पुसून टाकावी.

सुलेखा प्रत्येक मेल आधी स्वतःला पाठवून वाचायची, त्यामुळे यादीत पहिला पत्ता तिचाच आहे. परीक्षित, तो काढू नकोस. नको म्हणून सांगितल्याशिवाय आपण कोणाचं नाव काढत नाही, आणि तिने तसं सांगितलेलं नाही.

सही: मोरेश्वर गजानन खांबेटे
शिकागो, ९ जानेवारी २०२५

साक्षीदार:
१. आश्लेषा नवाथे, शेजारी.
२. श्रीरंग पोंक्षे. त्या दिवशी दाराची काच यांच्या धक्क्याने फुटली. मीच बोलावून घेतलं. वरचा सगळा मजकूर त्यांनी उभ्याने वाचला आणि मग सही केली.