चौसष्ट नंबरचा अंगठा

तीर्थरूप बळीराम मामा यांस,

सुरतेच्या लिंबायतहून भाचा दगा याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरून घालतो आहे, कारण फोनवरून घालायची सोय तुम्ही ठेवली नाही. बावीस वेळा लावला. तेविसाव्या वेळी मामीने उचलला आणि "ते घरात नाहीत" म्हणाली, तेव्हा मागे तुम्ही खाकरलात ते मी स्पष्ट ऐकलं.) इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमची प्रकृती, मामीचे गुडघे, चांदी शेळी आणि तिची दोन करडं कशी आहेत ते कळवावं. चांदीची चौकशी मामीच्या आधी करायला हवी होती, पण पत्र मामीच्याही हाती पडेल म्हणून हा क्रम ठेवला. आई आहे तशीच आहे. खोकला कमी झाला म्हणते. भिंतीपलीकडे लूम चालू असतात, त्यामुळे तो ऐकू कमी येतो एवढं खरं. रोज विचारते, "मना बळीराम फोन काबर नही करत?" मी सांगतो, तिकडे रेंज नाही. ती म्हणते, टेकडीवर चढून करायचा. टेकडीला आता तारेचं कुंपण आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही.

तुमचा राग माझ्या ध्यानात आहे. गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः फोन केला होता. ना ख्याली ना खुशाली, एकच वाक्य: "दगा, तुना बाप अंगठा देवाले कसा उना रे?" आणि फोन बंद. मी तेव्हा कारखान्यात होतो, चोवीस लूम एका वेळी खडखडत होते, आणि तरी ते वाक्य मला अक्षरन्‌अक्षर ऐकू आलं. बाबांना जाऊन सात वर्षं झाली. गायरानातल्या नाल्याकाठी त्यांची चिता तुम्हीच आपल्या हाताने रचली होती. आणि ग्रामसभेच्या यादीत त्रेसष्ट नंबरला माझी सही, चौसष्टला बाबांचा अंगठा. तुम्ही चौथी शिकलेले, पण तालुक्याला तीन चकरा मारून त्या यादीची नक्कल काढलीत. मी दहावी शिकलेला, आणि मी काय केलं ते आता सविस्तर लिहितो.

पंचायतीच्या मतदानादिवशी दीपकने (तेव्हा तो नुसता दीपक होता, सरपंच व्हायला अजून दोन दिवस होते) लिंबायतच्या नाक्यावर दोन लक्झरी उभ्या केल्या. पाच वर्षांत गावाला आमची आठवण एकदाच येते, पण येते तेव्हा एसीची येते. एसी नवापूरपर्यंत चालला. खिडक्या उघडायच्या नसतात, त्यामुळे पुढे ज्याला ज्याला मळमळलं त्याने ते आपल्याच टोपीत आवरलं. तरी उतरताना आम्हाला वऱ्हाडी म्हणून मिरवलं, कपाळाला गुलाल लावला, आणि अठरा वर्षं सुरतेत मालकाच्या शिव्या खाल्लेल्या माणसांना "या साहेब, या" म्हटलं. मामा, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मत दिलं आणि दीपकच्या चुलत्याच्या खळ्यात जेवायला गेलो. तिथे टेबलावर एक वही होती. सही केली की कुपन, कुपन दिलं की मटणाचं ताट.

आता ही सही. कारखान्यात मी रोज सही करतो. हजेरीला सही, पाळी बदलली की सही, दिवाळीच्या मिठाईच्या डब्याला सही. वर काय लिहिलंय ते आजवर एकदाही वाचलेलं नाही, कारण वाचायला थांबलं की मागचा ढकलतो. त्या खळ्यातल्या वहीच्या पानाची वरची चार बोटं आत दुमडलेली होती. मला वाटलं, रश्शाचा डाग पडू नये म्हणून. तुम्ही निंबाखाली शेळ्या घेऊन उभे होतात (तुम्ही जेवला नव्हता, हेही मला आठवतं) आणि तिथूनच ओरडलात, "वाचीसन सही कर रे दगा!" मी हसून म्हटलं, मामा, रस्सा गार होतोय. माझ्या तोंडून त्या दिवशी निघालेलं तेवढं एकच वाक्य मला परत घ्यायचं आहे. दुमडलेल्या चार बोटांत लिहिलं होतं की गावचं एकशे दहा एकर गायरान तीस वर्षांसाठी सोलर कंपनीला द्यायला ग्रामसभेची हरकत नाही. ग्रामसभेला शंभर माणसं हवी होती. गावात राहणारी तुमच्यासारखी अडून बसली, म्हणून सुरतेची एकशे सात जेवायला बोलावली. बाकीचा निवाडा रश्शाने केला.

वीज वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमचे लूम काय फुंकर मारून चालत नाहीत. पण मागायला हवं होतं, दाखवायला हवं होतं, कुठली जागा जाणार, कुठली राहणार, पाझर तलावाचं काय, हे चार लोकांत बसून ठरवायला हवं होतं. मला आजवर वाटायचं गायरान म्हणजे ज्याच्याकडे शेळी आहे त्याची भानगड. आता एकेक बातमी येते. तुम्ही चौदातल्या आठ शेळ्या बाजारात उभ्या केल्यात, कारण चारायला चार कोस वळसा पडतो. बायांना सरपण बंद. कुंपणाच्या रस्त्यासाठी तलावाचा बांध सपाट केला, आणि ज्यांनी कधी शेळीला हात लावला नाही, उलट गायरान गेलं तर कटकट गेली म्हणत होते, त्या वीस एकर कापूसवाल्यांच्या विहिरी संक्रांतीला तळाला गेल्या. आता तेही दीपकला शोधत फिरतात. दीपक तालुक्याला राहायला गेला आहे, असं कळतं.

इकडचंही ऐका. आमच्या गल्लीमागे एक मोकळा प्लॉट होता, जरा उंचवट्यावर. कागदोपत्री तो दवाखान्यासाठी राखलेला. दवाखाना काही झाला नाही, पण तिथे बाया पापड वाळवायच्या, लग्नाचे मांडव पडायचे, कोणी गेलं तर माणसं तिथे बसायची. आणि खाडीचं पाणी गल्लीत शिरलं की सगळी लिंबायत नाही, पण निदान आमच्या साठ खोल्या तिथे जाऊन उभ्या राहायच्या. दोन वर्षांपूर्वी आईला मी खांद्यावर घेऊन तिथेच ठेवलं होतं. यंदा त्याला पत्र्यांचं कुंपण बसलं आणि आत लग्नाचा हॉल उठला. पाणी आलं तेव्हा आम्ही हॉलच्या बंद गेटसमोर कमरेइतक्या पाण्यात उभे होतो. गेटवर पाटी होती: पार्किंग फक्त पाहुण्यांसाठी. पाणी उतरल्यावर आम्ही दहाजण नगरसेवकाकडे गेलो. त्याने चहा पाजला, यादी उघडली, आमची नावं शोधली आणि प्रेमाने म्हणाला, "भाई, तमे तो मारा मतदार ज नथी." खरंच होतं. आमची मतं गावी. म्हणजे मामा, जिथे राहतो तिथल्या जमिनीवर मला विचारत नाहीत, आणि जिथे राहत नाही तिथली जमीन मी जेवणावारी देऊन आलो. त्या दिवशी ओल्या पँटने घरी येताना मला तुमचं निंबाखालचं वाक्य पुन्हा ऐकू आलं.

म्हणून ठरवलं की चूक निस्तरायची. इथल्या कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र करायला गेलो. टाईपवाल्याने विचारलं, मजकूर काय. म्हटलं, मी जेवणासाठी सही केली, जमिनीसाठी नाही. तो टाईप करायचा थांबला, शेजारच्याला बोलावलं, त्याने त्याच्या शेजारच्याला, आणि मला ते तीनदा सांगावं लागलं. मग त्याने सगळं गुजरातीत सुबक टाईप करून दिलं. ते तालुक्याला पाठवलं, तर उत्तर आलं की मराठीत आणा. मराठीत केलं, तर म्हणे माणूस समक्ष हवा. सुनावणी येत्या मंगळवारी प्रांतसाहेबांपुढे आहे हे तुम्हाला माहीतच आहे, कारण अर्ज तुमचाच आहे. मी गल्लीत फिरलो, म्हटलं चला, एकशे सातांतले पन्नास तरी जाऊ. सगळ्यांनी हात वर केले. मग एकाने विचारलं, गाडी कोणाची? मतदानाला एसी लक्झरी येते, सुनावणीला बैलगाडीसुद्धा कोणी पाठवत नाही. शिवाय आमच्या कारखान्याचा मास्तर दीपकचा सख्खा साला. हात हळूहळू खाली आले. आता मी धरून तिघे उरलो आहोत, आणि त्यातल्या एकाला पित्ताचा त्रास आहे.

राहिला चौसष्ट नंबर. दीपक म्हणतो, तो अंगठा गावातल्या दुसऱ्याच कोणा उखाचा आहे. (गावात बाबांखेरीज दुसरा उखा झालाच नाही. दीपकच्या आजोबांनाही माहीत असेल.) तो आणखी म्हणतो, मेलेल्याच्या नावाने अंगठा दिला तर देणारा समोर आणा, नाहीतर ठराव पक्का. आणि तो हलकट कोण याचा मी इकडे बारकाईने विचार केला आहे. माझा संशय आमच्या गल्लीतल्या भूपेंद्रवर आहे. रांगेत तो माझ्या मागे होता, त्याला मतदार यादीत बाबांचं नाव अजून आहे हे ठाऊक होतं, आणि खाण्याच्या बाबतीत तो कुठल्याही थराला जाऊ शकतो. दुसऱ्या ताटासाठी मेलेल्या माणसाला उठवणारा तो. ज्या जागेवर माणूस जळला, तीच जागा त्याच्याच अंगठ्याने देऊन टाकायची, याला काय म्हणावं? असा माणूस तुमच्या डोळ्यांसमोर आला तर तुम्ही त्याचं तोंड पाहू नये. मीही आरशात

मीही त्याच्याशी बोलणं टाकलं आहे.

बाकी क्षेम. मामीला नमस्कार, करडांना आशीर्वाद. लहानपणी वर्षभर तुमच्या शेळीच्या दुधावर मला वाढवलंत, ते विसरलेलो नाही.

आपला आज्ञाधारक (एक वेळ सोडून),
दगा

ता. क. भूपेंद्रने चार वर्षांपूर्वी माळ घातली. तो मटण खात नाही. त्या दिवशी त्याने वरण-भात खाल्ला आणि त्यासाठी सहीसुद्धा लागली नाही. रांगेत तो माझ्या मागे नव्हताच. त्या घटकेला माझ्या मागे कोणी नव्हतं.

ता. क. दुसरा. आई बसमधून उतरली नव्हती, तिचे पाय सुजले होते. तिच्यासाठी ताट हवं होतं. वहीवाला म्हणाला, नाव सांग, अंगठा दे, एका माणसाला एकच ताट. आईचं नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं, मामा. पण मतदार यादीत बोट ठेवलं ते बाबांच्या नावावर पडलं, आणि वहीवाला म्हणाला, हेही चालेल. मी हसलो. आईला ताट नेऊन दिलं, तर तिने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "चव काही नही रे." उरलेलं मीच संपवलं.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी आहे. मंगळवारी मी उधन्याहून सकाळच्या गाडीने येतो आहे. तसं मी हात वर करणाऱ्यांतलाच आहे, हे तुम्ही ओळखून आहात. म्हणून आलो नाही तर हा कागद प्रांतसाहेबांपुढे ठेवा. केस होईल, मास्तर कामावरून काढेल, दोन्ही मला कळतं. आईला मात्र काही सांगू नका. काल खोकला थांबला तेव्हा म्हणाली, "माले तठेच लई जाजो, नालाले, तुना बापना जोडे." मी हो म्हटलं. बाबांना जिथे जाळलं तिथे जायला आता कुंपणाचं फाटक आहे आणि त्याला कुलूप आहे. ते उघडायला हवं, मामा. तिच्यासाठी तरी उघडायला हवं.

जुळवून पाहायला सोपं जावं म्हणून खाली तसल्याच शाईत तोच डावा अंगठा उमटवतो आहे. वहीत त्यापुढे "उखा" लिहिलंय. इथे मी माझ्या हाताने खरं नाव लिहितो.

(अंगठा)
दगा उखा, जिवंत