गाळ बसेपर्यंत

३ जानेवारी
जेवताना मुलाने विषय काढला. व्हॅन भंगारात द्यायची. भंगारवाल्याला एक फेब्रुवारीला बोलावूनही ठेवलंय. म्हणाला, बाबा, ती उभ्या उभ्या डिझेल पिते. मी म्हटलं, उभी गाडी डिझेल पीत नाही. तो म्हणाला, म्हणजे ती उभीच असते हे तुम्हीच कबूल केलंत.
याला वकील करायला हवा होता.
व्हॅन मूळची लाँड्रीची. एकतीस वर्षं मी तिच्यातून हॉटेलांच्या चादरी पोचवल्या. लाँड्री बंद झाली तेव्हा मालकाने ती मलाच देऊन टाकली. एकतीस वर्षांत एक चादर चुरगळली नाही.
आणि ती गेली तर हिला ताईकडे कोण नेणार? हिच्या ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन अठ्ठावीसला आहे. ताई राहतात घाटावर, नव्वद किलोमीटर. ही जाणारच म्हणते. पण बस? लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात बस लागली होती. उलट्यांनी नुसता जीव नकोसा. तेव्हापासून मी हिला बसमध्ये पाऊल ठेवू दिलेलं नाही.
मुलाला शब्द दिला. सत्तावीसला तुझ्या आईला व्हॅनमधून पोचवतो, तेही तुझ्या डिझेलशिवाय. पोचवलं तर व्हॅन राहील. तो म्हणाला, चालेल. सूनबाई हसली. ही म्हणाली, मीठ द्या इकडे.
मनातून आनंद झाला असणार.

४ जानेवारी
पेपरातलं कात्रण दोन वर्षं जपून ठेवलं होतं, ते आज कामाला आलं. तळून टाकलेल्या तेलावर डिझेल गाडी चालते! ज्याने हे इंजिन काढलं त्याच्याच काळात ते शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं म्हणे. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण मुद्दा चटकन पकडतो.
कात्रण घेऊन मिस्त्रीकडे गेलो. गॅरेज बंद करून बसलाय, पण हात अजून चांगला आहे. त्याने सांगितलेलं असं: एक, तेल गाळायचं. दोन, आठ दिवस न हलवता ठेवायचं, म्हणजे गाळ आणि पाणी खाली बसतं. तीन, गाडीत दोन टाक्या. गाडी डिझेलवर चालू करायची, तापली की खटका फिरवून तेलावर घ्यायची. आणि बंद करायच्या आधी पाच मिनिटं परत डिझेलवर. नाहीतर नळीत तेल राहतं, गार होतं, आणि गोठतं.
मी म्हटलं, पण मी तर डिझेलशिवाय म्हटलंय. तो म्हणाला, काका, चालू करायला आणि बंद करायला थोडं लागणारच.
थोडं म्हणजे डिझेल नव्हे. औषध.

५ जानेवारी
कोपऱ्यावर तळणवाला आहे. बटाटे तळतो, मासे तळतो, दिवसभर रांग. त्याचं जुनं तेल मागितलं. म्हणाला, साबणवाला नेतो ते, दर शनिवारी. मी सगळी योजना समजावली. अर्धा तास. रांगेतले लोकही ऐकत होते, एकाला तर फारच रस वाटला, तो म्हणाला, पुढे सरका.
शेवटी तळणवाल्याने मान्य केलं. तेल मला. बदल्यात रोज सकाळी दोन तास मी त्याच्या दुकानात देखरेखीला बसायचं.

६ जानेवारी
देखरेख म्हणजे बटाटे सोलणं. पण सोलता सोलता सगळीकडे लक्ष राहतं.

८ जानेवारी, दुपार
पहिला डबा आणला. वीस लिटर. जिन्यात थोडं सांडलं. फार नाही, तिसऱ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत.
गाळायला कापड हवं. मिस्त्री म्हणाला जाड कापड. माझी लाँड्रीतली निळी पँट काढली, पायांचे घोटे सुतळीने बांधले, कमरेला तारेचं कडं घातलं आणि बाथरूमच्या नळाच्या पाइपला टांगली. दोन्ही पायांत तेल. खाली टब. थेंब थेंब पडतंय. काय सुंदर दिसतं.

८ जानेवारी, संध्याकाळ
सूनबाई ऑफिसातून आली, बाथरूमचं दार उघडलं आणि किंचाळली. तिला वाटलं मी लटकलोय. पँट ओळखीची, त्यात पाय भरलेले, वर दिवा बंद.
मुलगा म्हणाला, बाबा, हे फार झालं. मी म्हटलं, काळजी वाटली हे चांगलंच आहे. सूनबाई म्हणाली, मी आधी टबकडे बघितलं, तो नवा आहे.

१० जानेवारी
तेल गाळून डब्यात भरलं. आता आठ दिवस. संकल्प: हात लावायचा नाही.

१० जानेवारी, अर्ध्या तासाने
डबा थोडा हलवून बघितला. गाळ बसला का ते कळायला नको? नव्हता बसला.

११ जानेवारी
सकाळपासून सहा वेळा हलवून बघितलं. अजून गढूळच. तळणवाल्याने वाईट तेल दिलं असणार. त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, काका, त्या कोपऱ्यातले कांदेही घ्या सोलायला.

१३ जानेवारी
मिस्त्री डबा बघायला आला. विचारलं, हलवता का? मी म्हटलं, छे. बघण्यापुरतं. तो म्हणाला, काका, बघण्यापुरतंसुद्धा हलवायचं नाही, नुसतं ठेवा. मी म्हटलं, नुसतं ठेवलं तर आत काय चाललंय ते कळणार कसं? तो हिच्याकडे बघायला लागला. ही म्हणाली, माझ्याकडे काय बघता, चाळीस वर्षं झाली. हे कुकरचंही झाकण उघडून बघतात, शिट्टी झाली का म्हणून.
असं दोनदाच झालं होतं.

१७ जानेवारी
मिस्त्रीने दुसरी टाकी बसवली. खटका स्टिअरिंगच्या डाव्या हाताला. डॅशबोर्डवर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात लिहिलं: बंद करण्याआधी पाच मिनिटं डिझेल. माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. जणू मी पहिलीत आहे. एकतीस वर्षं गाडी चालवली, एक चादर चुरगळली नाही, हे त्याला परत सांगावं लागलं.

१९ जानेवारी
आता तीन डबे झाले. एकात मासे तळलेलं तेल मिसळलं गेलंय. मांजरं दारात बसतात. शेजारीण म्हणाली, तुमच्याकडे रोज मासे असतात वाटतं. हिने हो म्हणून सांगितलं. तेलाचं सांगण्यापेक्षा ते बरं, म्हणे.
ही रोज संध्याकाळी ताईंशी फोनवर बोलते. ताई घाबरल्यात. ऑपरेशनच्या वेळी तू हात धर म्हणतात. ही म्हणते, येते गं, काही करून येते. मी आतून ओरडून सांगितलं, ताई, काळजीच करू नका, मी आणतोय. ही फोन घेऊन गॅलरीत गेली.

२३ जानेवारी
ट्रायल. गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत, परत. चालली! तेलावर चालली! मागून तळलेल्या बटाट्यांचा वास. सिग्नलला स्कूटरवाला शेजारी थांबून म्हणाला, एक प्लेट द्या. हसू देत. परत येताना पाच मिनिटं डिझेल, मग बंद. नियम पाठ झाला.
डॅशबोर्डवरच्या कागदाला माझी बोटं लागून तो तेलकट झालाय. अक्षरं फुटलीत, काही वाचता येत नाही. आता त्याची गरजही नाही.

२६ जानेवारी
उद्या निघायचं. मी टायर चार वेळा बघितले. डबे सहा वेळा. हिच्यासाठी तीन प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन ठेवल्यात. व्हॅन लागणार नाही म्हणा, पण घाट आहे.
मुलगा म्हणाला, बाबा, मी सुट्टी काढून सोडतो आईला. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. तो म्हणाला, शब्द तुमचा, आई माझी. ही म्हणाली, जाऊ दे रे, त्यांना एकदा नेऊ दे.
नेऊ दे! तिचाच माझ्यावर विश्वास आहे.

२७ जानेवारी, सकाळी नऊ
निघतोय. ढग आहेत, बोचरी थंडी. ही स्वेटर घालून पुढे बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट. उत्साह.

२७ जानेवारी, संध्याकाळ
सविस्तर लिहितो, कारण उद्या सगळे आपापलं सांगतील.
साठ किलोमीटर व्हॅन पाण्यासारखी चालली. तेलावर घेतल्यावर तर जास्तच छान. आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही. ही झोपून गेली. घाट चढलो. वरच्या वळणावर पोचलो तरी काही आवाज नाही. इतकं छान चालणं बरं नव्हे. एकतीस वर्षांत ही व्हॅन कधी अशी गप्प नव्हती. काहीतरी बिघडत असणार आणि मला कळत नसणार, असं वाटायला लागलं.
म्हणून कडेला घेतली आणि बंद करून बघितली.
डिझेलवर घ्यायचा नियम मला पाठ होता. पण तो गाडी बंद करायची असेल तेव्हाचा. मी बंद करत नव्हतो, ऐकत होतो.
बॉनेट उघडून बघितलं. सगळं ठीक. परत बघितलं. वारा एवढा की डोळ्यांतून पाणी. वीस मिनिटांनी खात्री पटली की काही बिघडलेलं नाही. आत बसलो, किल्ली फिरवली. एक खोकला. मग तेवढाही नाही. नळीतलं तेल पांढरं, घट्ट, मेणबत्तीच्या मेणासारखं.
ही जागी झाली. पोचलो का, म्हणाली. मी सांगितलं, इंजिन उत्तम आहे. तिने पर्स उघडली, आतून बसचं वेळापत्रक काढलं. घडीवर घडी पडून मऊ झालेलं. कधीपासून ठेवलंय, हे मी विचारलं नाही.
अकरा चाळीसची बस वळणावर दिसली. तिने हात केला. मी म्हटलं, अगं, तुला बस लागते! पिशव्या तरी घे! ती चढली, खिडकीशी बसली, काच उघडली आणि म्हणाली, त्या राहू देत तुमच्याकडे. ताईला मी सांगते, तुम्ही अर्ध्यापर्यंत आणलंत.
अर्ध्याहून जास्त. चौसष्ट किलोमीटर.
टोइंगवाला साडेतीनला आला. तोवर दोन कुत्री व्हॅनखाली बसून होती.

२८ जानेवारी
हिचा फोन आला. ऑपरेशन छान झालं. ताईंचा हात शेवटपर्यंत धरला होता. बसमध्ये कसं वाटलं, विचारलं. म्हणाली, मस्त. खिडकीतून सगळी दरी दिसते, व्हॅनमध्ये तुम्ही पुढेच बघायला लावता.
माझी काळजी नको म्हणून खोटं बोलते.

१ फेब्रुवारी
भंगारवाला आला. व्हॅनमध्ये बसून बघितलं, उतरला आणि म्हणाला, भूक लागली हो. मुलगा हसला नाही, हे मी लक्षात ठेवीन. उलट म्हणाला, बाबा, हवं तर अजून एक महिना ठेवू. मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द.
साखळी लावताना भंगारवाल्याला सांगितलं, सावकाश ने, तिला फार हलवू नको.

३ फेब्रुवारी
बाथरूममधले डबे कोणी आठ दिवस बघितले नव्हते. आज बघितले. गाळ तळाशी बसलाय, दोन बोटं. वर तेल मधासारखं. आरपार दिसतं.
हलवलं नाही.
साबणवाल्याला कळवलं, घेऊन जा.

४ फेब्रुवारी
हिला आणायला गेलो. मुलगा म्हणत होता, आई येईल एकटी. पण बसमधून एकटी? तीनही पिशव्या घेतल्या आणि मीच बसने गेलो. बसमध्ये मी प्रवासी म्हणून चाळीस वर्षांनी बसत होतो. घाटात ड्रायव्हरने वळणं फारच घेतली. एक पिशवी जातानाच लागली. न्याहारी चुकली असणार.
येताना ही खिडकीशी, मी शेजारी. ती शेंगा सोलून खात होती. दुसऱ्या वळणाला दुसरी पिशवी. पाचव्याला तिसरी. तिने माझी पाठ चोळली, कुठे चोळायची ते आधीच माहीत असल्यासारखी. मी म्हटलं, तुला कशी लागली नाही? लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात बस लागली होती, मला पक्कं आठवतंय.
ती म्हणाली, लागली होती ना. पण कोणाला, ते आठवा.
आठवत होतो तेवढ्यात ती उठली आणि कंडक्टरकडून चौथी मागून आणली.