अकरा जणींचा संघ

अकोला, १४ जून २०२५

ती. कमलाकांतकाकांस,
जुईलीचा सा. न. वि. वि.

फोनवर माझं निम्मं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवून बुडवतं. म्हणून आई म्हणाली, भाऊजींना पत्रच लिही. लिहिते आहे.

बातमी अशी, की आमच्या प्राचार्यांनी मुलींच्या फुटबॉलला एक शेवटचं वर्ष दिलंय. मागच्या हंगामात आम्ही आठच जणींवर खेळलो आणि पहिल्या सामन्यात नऊ गोल खाऊन परतलो, ते तुम्ही स्वतः येऊन पाहिलंत. आता वीस ऑगस्टपर्यंत विद्यापीठाच्या प्रवेशिकेवर पूर्ण अकरा नावं गेली नाहीत, तर संध्याकाळचं मैदान व्हॉलीबॉलला द्यायचं ठरलंय. मी तात्पुरत्या नेमणुकीवरची क्रीडाशिक्षिका. फुटबॉल गेला तर माझं काय, हे प्राचार्य बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

तरी काळजी करू नका. जुन्या सात जणी आहेत, धारणीकडच्या दोघी नव्याने आल्यात. आणि परवा मी हिवरखेडला जाऊन आले. तिथे पंजाबराव म्हणून वांगी, कोबी आणि झेंडू लावणारे गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी खुशी बारावी झालीय. काका, दोन्ही पाय सारखे चालतात तिचे. मळ्याशेजारच्या पडीत ती खेळताना पाहिली आणि माझा चहा हातातच गार झाला. तिच्यासोबत तिची चुलत बहीण भावना आणि शेजारची माया येणार. तिघी मिळून येतील तरच पाठवू, ही घरच्यांची अट. खुशीच्या आईने, माणिकबाईंनी, पोरी राहतील कुठे ते आधी विचारलं. आमच्या मराठीच्या सुभद्राबाईंच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी ठरवूनच गेले होते.

म्हणजे बारा. तुमच्या जुन्या कॉलेजला सांगून ठेवा, यंदा अकोल्याला गृहीत धरू नका म्हणावं.

तब्येतीला जपा आणि माझ्यावर जीव आहे तसा राहू द्या.
तुमची,
जुईली


अमरावती, २१ जून २०२५

चि. जुईलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. अक्षर तुझ्या वडिलांसारखंच, ओळ संपता संपता वर चढणारं.

आता हंगामाचं ऐक. चांदूर रेल्वेच्या संघातल्या तिघी चांगल्या मुली यंदा पदवी घेऊन बाहेर पडल्या; तो संघ निम्म्यावर आला समज. धारणीचा संघ दमत नाही, पण गोलसमोर गोंधळतो. खरा संघ आमचाच. सलग चार वर्षं विजेते, सव्वीस मुली, हिरवळीचं मैदान, मुलींचं वसतिगृह. मी अठ्ठावीस वर्षं जिथे शिट्टी वाजवली, तिथे आता माझा विद्यार्थी शेखर आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं काम करतो, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

एक सल्ला. सगळे गोल मारणारी शोधत फिरतात. तू आधी गोल अडवणारी शोध. मागच्या वर्षी तुझ्या गोलात उभी होती ती मुलगी चेंडू आला की डोळे मिटत होती.

शेखर दर गुरुवारी बुद्धिबळाला येतो. तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. फार हसला, आणि तुझं कौतुकही केलं. हिवरखेड नेमकं कुठे, अकोटाहून किती, असं विचारत होता.

चारुशीलावहिनींना नमस्कार. आठवण ठेव आणि लिहीत राहा.
तुझा,
काका


अकोला, २ जुलै २०२५

ती. काकांस,
नमस्कार.

काल प्रवेशाचे अर्ज घेऊन हिवरखेडला गेले होते. माझ्या आधी तीन दिवस अमरावतीहून एक जीप येऊन गेली होती. त्यातून कोण उतरलं, ते तुम्हाला सांगायला नको. त्यांना गावाचं नाव कुठून कळलं, तेही मी विचारत नाही.

शेखरसरांनी खुशीला वसतिगृह देऊ केलंय, नवे बूट, विद्यापीठाच्या संघात जाण्याची वाट. तिच्या एकटीसाठी. भावना आणि माया अंगणातच बसल्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही म्हणे.

पंजाबरावांनी काही लपवलं नाही. पाणी दिलं, खाट टाकली आणि म्हणाले, “म्याडम, तुमी आधी आल्या हे खरं हाय. पण पोरीचं भलं कुठी हाय ते पाहून राहिलो मी. तुमी राग नका धरू.”

राग धरण्यासारखं काही नव्हतं. पण मग खुशी मला मळ्याच्या बांधापर्यंत सोडायला आली आणि तिने सरळच विचारलं. “ताई, तुमी माह्या जागी असत्या त कुठी गेल्या असत्या?”

काका, मी अमरावती म्हटलं. बसमध्ये बसेपर्यंत शंभर उत्तरं सुचली: अकोला जवळ आहे, तिघी एकत्र राहाल, आमच्याकडे पहिल्या दिवसापासून खेळशील. त्यातलं एकही तिला दिलं नाही. ती अठरा वर्षांची आहे आणि तिने मला खरं ते विचारलं होतं. ती मान खाली घालून परत गेली.

आता ती गेली तर भावना आणि मायाही येणार नाहीत. अट तीच होती. म्हणजे पुन्हा नऊ. प्राचार्यांना मी बारा सांगून बसले आहे.

तुमच्यावर रुसले आहे. पण जेवण वेळेवर करा.
जुईली


अमरावती, ७ जुलै २०२५

चि. जुईलीस,
आशीर्वाद, आणि त्याआधी माफी.

चूक माझी. अभिमानाने वाचून दाखवलं. शेखर माझ्यासमोर विद्यार्थी म्हणून नव्हे, तर दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक म्हणून बसला आहे, एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. अठ्ठावीस वर्षं मीही असाच गावोगाव हिंडलो आहे. त्याने मी शिकवलं तेच केलं.

परवा त्याच्याकडे गेलो. तो ओशाळला होता. सर, तुम्ही म्हणत असाल तर मी मुलीला नाही म्हणून कळवतो, असं तो म्हणाला. मी त्याला गप्प केलं. मुलगी काही आपण आपसात फिरवायची वस्तू नाही. तिला यायचं असेल तर तू तिला नीट शिकव, एवढंच सांगून आलो.

तू बांधावर जे उत्तर दिलंस, ते द्यायची माझी हिंमत झाली नसती. तुझे वडील असते तर आज त्यांनी गल्लीत पेढे वाटले असते.

आता उरलेल्या दोघींचं. तू पुन्हा हिवरखेडला जा, पण या वेळी खुशीसाठी नव्हे. त्या दोघींना त्यांच्याच नावाने बोलाव. जमलं तर कळव. मी दर शनिवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोल्याला येईन आणि तुझ्या गोलरक्षक मुलीला तयार करीन. वय एकाहत्तर आहे, पण पाय अजून माझे आहेत. कानांचं तिथे काम नाही.

रुसवा ठेवायचा तेवढा ठेव, बोलणं मात्र सोडू नकोस.
तुझा अपराधी,
काका


अकोला, २४ ऑगस्ट २०२५

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काल शनिवारी तुम्ही मैदानावर असताना सांगायचं होतं, पण मुलींनी तुम्हाला घेरलं होतं. सगळं लिहूनच कळवते, म्हणजे तुमच्याकडून काही ऐकायचं राहणार नाही.

सोमवारी प्रवेशिका गेली. पूर्ण अकरा नावं. राखीव एकही नाही, पण अकरा.

हे माणिकबाईंमुळे झालं, हे तुम्हाला सांगितलंच नव्हतं. जुलैत मी दुसऱ्यांदा गेले, तेव्हा खुशीचं अमरावतीचं पक्कं झालं होतं आणि भावनाचे वडील हात जोडून नाही म्हणत होते. माणिकबाई फुलांच्या पाट्या भरत होत्या. काम न थांबवता त्या दिरांना म्हणाल्या, “माही पोरगी तिकडं चालली, म्हणून भावनानं काहून घरी बसायचं? दोघीले दोन वाटा भेटल्या, जाऊ द्या.” आठ दिवसांनी भावना आणि माया पिशव्या घेऊन सुभद्राबाईंच्या दारात उभ्या.

भावनाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, की लहानपणापासून खुशी गोल मारायची आणि दुसरं कोणी तयार नसायचं म्हणून हिला उभं करायचे. दहा वर्षं ती त्या पडीत खुशीचे चेंडू अडवत होती आणि तिला वाटायचं आपल्याला खेळता येत नाही. काल तुम्ही तिच्यावर ओळीने वीस चेंडू मारलेत आणि नंतर माझ्याकडे पाहून नुसती मान हलवलीत, तेव्हा मला जेवण गेलं नाही आनंदाने.

आता अडचण. शुक्रवारी वेळापत्रक आलं. बाद फेरी, पहिला सामना आठ ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता, तुमच्या जुन्या मैदानावर, शेखरसरांच्या संघाशी. आणि त्याच दिवशी, त्याच वेळी माझी कायम नेमणुकीची मुलाखत नागपूरला, संस्थेच्या मुख्य कार्यालयात. तारीख बदलून मिळत नाही, विचारून झालं. मी मुलाखतीला जाणार नाही असं जवळजवळ ठरवलंय. मुलींना मी शब्द दिलाय.

आईला यातलं काही माहीत नाही. तुम्हीही सांगू नका. तुमचा हात डोक्यावर असू द्या.
जुईली


अमरावती, २७ ऑगस्ट २०२५

चि. जुईलीस,
आशीर्वाद.

मुलाखतीला जायचं. यावर चर्चा नाही.

तू एक सामना सांभाळशील आणि पुढची वीस वर्षं त्या मुलींना कोण सांभाळेल? सुभद्राबाई व्यवस्थापक म्हणून येतील, त्यांच्याशी मी परस्पर बोललो. बाकावर मी बसतो. ज्या कॉलेजाने मला निरोपाला शाल दिली, त्याच्या विरुद्ध बसायचं म्हणजे गावात चार दिवस चर्चा होईल, होऊ दे. शेखरला सांगितलं. तो म्हणाला, सर, मग मला नीट तयारी करावी लागेल.

निळा शर्ट घालून जा, आणि खरं बोल. तेवढं तुला जमतं.
काका


अमरावती, ९ ऑक्टोबर २०२५

चि. जुईलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तुला निकाल तेवढा कळला. दोन विरुद्ध एक, आपण हरलो. पण काय झालं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

सामन्याआधी माणिकबाई आल्या. पहाटेची बस धरून हिवरखेडहून आलेल्या. मुलगी एका संघात, पुतणी दुसऱ्यात. कुठे बसू, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुमची इच्छा. त्यांनी समोर पाहिलं. तिकडे दोनशे माणसं, ढोल. आपल्या बाजूला मी, सुभद्राबाई आणि पाण्याची कळशी. त्या येऊन सुभद्राबाईंच्या शेजारी बसल्या.

शेखरने खुशीला पहिल्या अकरांत घेतलं होतं, पहिल्या वर्षाची एकटीच. वीस मिनिटांत तिने गोल केला. डाव्या पायाने, कोपऱ्यात, कोणाच्या बापाला अडवता आला नसता. मी उठून टाळ्या वाजवल्या, मग आठवलं की मी कुठे बसलोय. भावना जाळ्यातून चेंडू काढायला गेली आणि खुशी आनंद करायचा सोडून तिच्याकडे पाहत उभी राहिली. भावनाने तिला हातानेच जा म्हणून खुणावलं.

त्यानंतर आपल्या मुली खेळल्या. धारणीच्या दोघींनी मैदानाची दोन्ही टोकं धरली. उत्तरार्धात त्यांच्यातल्या एकीने चेंडू आणला, मायाने नुसता पाय लावला, आणि बरोबरी. ढोल थांबला, ते मलाही कळलं. भावनाने तेरा चेंडू अडवले, मी बोटांवर मोजले. त्यातले चार खुशीचे. शेवटच्या पाच मिनिटांत आपली एक मुलगी पोटरी धरून बसली. राखीव कोणी नाही, दहा जणींवर खेळावं लागलं आणि गोल बसला. तरी शिट्टी होईपर्यंत एकही मुलगी चालताना दिसली नाही, सगळ्या पळत होत्या.

सामना संपल्यावर शेखर मैदान ओलांडून आला. माझ्या पाया पडला आणि मग माझ्यासमोरच भावनाशी बोलला. पुढच्या वर्षी अमरावतीला ये, वसतिगृह, बूट, सगळं देतो म्हणाला. मी मध्ये पडलो नाही. यंत्र नीट लावलं आणि ऐकलं.

भावनाने हातमोजे काढले. म्हणाली, “नाही सर. जून महिन्यात मी अंगणातच बसून होती. तवा ज्या ताईनं माहं नाव विचारलं, तिच्याच संघात खेळीन मी.”

शेखरने मान डोलावली. चांगला माणूस आहे, उत्तर मनाला लावून घेतलं त्याने. जाताना खुशी आणि भावना माणिकबाईंच्या दोन बाजूंना बसून एकाच डब्यातून जेवत होत्या. कोणता चेंडू कसा अडला यावरून त्यांचं भांडण चाललं होतं.

मुलाखतीचं कळव. मी काही विचारत नाही, पण पोस्टमनची वाट पाहतोय.
तुझा,
काका


अकोला, १८ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस,
जुईलीचा सा. न., आणि दिवाळीचा वेगळा नमस्कार.

तुमचं पत्र मैदानावर मोठ्याने वाचलं. दोनदा वाचावं लागलं.

काल नेमणुकीचं पत्र मिळालं. कायम. आईने ते देवापुढे ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतेय.

मुलाखतीत काय झालं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. समितीत तिघे जण होते. मधल्या गृहस्थांनी विचारलं, तुमच्या संघाची कामगिरी काय? मी म्हटलं, मागच्या वर्षी नऊ गोलांनी हरलो, यंदाचा सामना आत्ता चालू आहे, निकाल मला माहीत नाही. ते हसले. मग म्हणाले, छोटं कॉलेज आहे तुमचं, व्हॉलीबॉलला सहाच मुली लागतात, फुटबॉलला अकरा जमवताना तुमचं वर्ष जातं; मग हा हट्ट कशाला?

घड्याळात साडेअकरा झाले होते. तिकडे भावना गोलात उभी असेल, एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, “सर, सहा जणींचा संघ केला तर पाच जणींना घरी पाठवावं लागेल. त्या पाच जणी कोण, ते मला आता माहीत आहे.”



दिवाळीनंतर सोमवारपासून सराव सुरू. प्राचार्यांनी मैदान संध्याकाळी पाच ते सात आपल्या नावावर केलंय. शनिवारी या, मुली वाट पाहतील. आणि माया कळवते, की तिला आता उजव्या पायानेही मारायला शिकायचंय.

माया-लोभ आहेच, तो वाढता ठेवा.
तुमची,
जुईली