डाव्या बाजूचा पखवाज

प्रिय आबा (हो, प्रियच म्हणतोय, हसू नका),

परवा तुमचं वर्षश्राद्ध. तुमची नात ऋतुजा, जी वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही, तिचा दोन दिवसांपूर्वी मेसेज आला. 'आबांचं सप्ताहातलं रेकॉर्डिंग दे ना. सगळे पाहुणे येणारेत, ऐकवायचंय. तू होतास म्हणून त्यांचं शेवटचं वाजवणं आपल्याकडे राहिलं.'

हे मी किती वेळा वाचलं ते विचारू नका. दुसरा कुणी असता तर नाचला असता. मी मात्र तुम्हाला पत्र लिहीत बसलोय. कारण तुमचं ते वाजवणं शेवटचं का ठरलं, हे आपल्या दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातले तुम्ही गेलात.

आठवतंय ना, सप्ताहातलं ते देवळातलं दुपारचं भजन? मी नवा माईक घेऊन आलो होतो. मोबाईलच्या बुडाला लावायचा, करंगळीएवढा. 'ह्याला दोन कान आहेत आबा, आपल्यासारखे,' असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. डावीकडचं डाव्या कानात येतं, उजवीकडचं उजव्या कानात. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून आलेल्या पोराकडे दाखवायला तेवढंच होतं.

तुम्ही पखवाज घेऊन डावीकडे बसला होता. ऋतुजा उजवीकडे, पेटीवर. आणि मी माईक कुठे ठेवला? पेटीच्या पुढ्यात. तुम्ही पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावता लावता सगळ्या मंडळींसमोर म्हणालात, "पोरा, माईक वाजवनाऱ्याकडं कर. पोरीचा फोटू न्हाई काडायचा त्येनं!"

सगळे हसले. ऋतुजा मान खाली घालून पेटीच्या पट्ट्यांकडे बघत राहिली. माझे कान तापले. माईक मी तसूभरही हलवला नाही. हट्टच!

दुसऱ्या दिवशी तुम्हीच बोलावलंत. ओट्यावर बसवलंत, चहा पाजलात. इअरफोनवरची एल आणि आर ही अक्षरं बघून मी ते स्वतः तुमच्या कानांत घातले. डावा डाव्यात, उजवा उजव्यात. अगदी बरोबर!

तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. थोड्या वेळाने म्हणालात, "समदं येतंय की रं. पेटी येती, टाळ येत्यात. रुतू तर जनू मांडीला मांडी लावून बसलीय. पन माझा पखवाज कुटं गेला?"

"आहे की त्यातच."

"हितं न्हाई. लय लांब हाय. मळवलीच्या रुळापल्याड कुनीतरी वाजवतंय, तसं."

आदल्या दिवसाचं हसणं माझ्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही आबा. जेवढं वाजतं तेवढंच येतं. हात हलका पडलाय तुमचा आता."

तुम्ही भांडला का नाहीत? शिवी का नाही घातलीत? 'चल ऊठ हितनं' म्हणायला काय झालं होतं? तुम्ही इअरफोन काढलेत, वायरीची नीट गुंडाळी केलीत, माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "व्हय, आसंल."

पुढच्या एकादशीला तुम्ही पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर दिलात. मंडळींना वाटलं, वय झालं. दोन महिन्यांनी तुम्ही गेलात. हार्टचं होतं, डॉक्टर तसंच म्हणाले. माझ्यामुळे गेलात असं मी म्हणत नाही. पण ते दोन महिने तुम्ही हात मांडीखाली घालून भजनाला बसायचात, ते माझ्यामुळेच.

काल दुपारी मी तुमच्या घरी गेलो. ऋतुजा नव्हती. म्हटलं, आधी आजींना ऐकवावं. मी इअरफोनची दोन्ही बोंडं पुढे केली, तर त्यांनी डावं परत दिलं.

"एकच दे. त्यांच्यावानी ऐकते."

"म्हणजे?"

"आरं, डावा कान कंपनीतच गेलता त्यांचा. पत्रा दाबायचं मशीन त्याच अंगाला. ढिम्म ऐकू येत नव्हतं त्या कानानं. कुनाला सांगू दिलं न्हाई. म्हनायचे, मंडळी म्हंत्याल म्हातारा भैरा झाला, पखवाज काडून घेत्याल."

वाजवताना तुमची मान उजवा कान पुढे करून वाकडी व्हायची. सगळा गाव म्हणायचा, आबांची तंद्री लागली. मीही तसंच म्हणायचो.

घरी येऊन डाव्या कानात बोट घातलं आणि उजवं बोंड तेवढं लावलं. पेटी आली, टाळ आले, ऋतुजा आली. आणि रुळापल्याड कुठेतरी तुम्ही. मग ते काढून डावं बोंड उजव्या कानात घातलं. काय वाजवलंय आबा! धुम्याचा, त्या कणकेच्या अंगाचा, घुमारा नुसता पोटात शिरत होता. हात हलका? कुणाचा?

वर्षभर मी हे रेकॉर्डिंग रोज ऐकलं. अभंग सुरू व्हायच्या आधी ऋतुजा खुदकन हसते, तेवढं ऐकायचं आणि बंद करायचं. तुमच्यापर्यंत मी कधी पोचलोच नाही.

एक विचारू? एवढी वर्षं पखवाज वाजवलात, आणि करंगळीएवढ्या माईकवर विश्वास ठेवलात? माझ्यावर? मला तर साधा ताल धरता येत नाही, तुम्हीच म्हणायचात! 'डाव्या कानानं ऐकू येत न्हाई' एवढं एक वाक्य म्हणाला असतात तर मी बोंडं उलटी घातली असती. दोन सेकंदांचं काम होतं. पण मीही 'थांबा, बघतो काय झालंय' म्हणालो असतो तर तेही दोन सेकंदांचंच काम होतं.

आता ऋतुजा. माझ्याकडे एक सोपी वाट आहे. दोन्ही बाजू एकत्र करायच्या, पखवाज वर आणायचा, फाईल पाठवून द्यायची. कुणाला पत्ता लागणार नाही. सगळे रडतील, ती माझ्याशी बोलायला लागेल. गेलं वर्षभर मला एवढंच तर हवं होतं! खोटं कशाला सांगू, काल संध्याकाळी मी तशी फाईल तयारही केली. पाठवायला बोट नेलं आणि तुमचं ते 'व्हय, आसंल' ऐकू आलं.

पुसली ती फाईल.

उद्या सकाळी तुमच्या घरी येतोय. आधी सांगणार, मग रेकॉर्डिंग देणार. माईक कुठे ठेवला, का ठेवला, तुम्हाला काय बोललो, सगळं. तिच्यासमोर आणि आजींसमोर. ती मला दारातून हाकलेल, हे मला माहीत आहे. तुमचा राग तिच्यातच उतरलाय. माझा स्वभावही तुम्हाला माहीत आहे, कुणी एक बोललं की मी चार बोलतो. पण आबा, शब्द देतो, उद्या ती बोलत असताना मी मध्ये तोंड उघडणार नाही. तिचं बोलून होईपर्यंत ओट्याखाली अंगणात उभा राहीन.

तुम्हाला नको ते बोललेला,
चेतन