कोलूच्या पायथ्याची जमीन

प्रिय वन्सं,

कुंभाराकडून माती आली, चाळीस रुपये. अर्धा किलो मैदा, पंचवीस. तेल तळणीतलं उरलेलं. एवढ्यात तुमची जमीन फाटणार! तुमचं वर्षश्राद्ध झालं, उद्या नवरात्र बसतंय, कोलूच्या बाहुल्या मांडायच्या पायऱ्या माळ्यावरून उतरल्यात. म्हणून लिहितेय.

तुमचे अण्णा, म्हणजे आमचे हे, म्हणाले, “बाहुल्यांची एक जोडी मांड, दिवा लाव, पुरे. पायथ्याचा देखावा करणारी गेली.”

“काटकसर मी कॉफीत करते, देवीच्या दारात नाही!” म्हटलं.  मग माळ्यावर राहिलेली मोठी पायरी स्वतःच घेऊन आले.

दोन वर्षांपूर्वी, शेवटच्या कोलूत, तुम्ही तुमच्या शाळेतल्या मुलींना शब्द दिलात, पुढच्या वेळी खंड कसा ताणला जातो ते दाखवीन. आणि कृती न सांगताच गेलात? असं कुणी करतं का, वन्सं? मुली उद्या संध्याकाळी येतायत.

दोन पाट जोडून वर माती थापली, पाट ओढले. कट्कन दोन तुकडे! मग नुसता मैदा थापला. तो मधे पातळ झाला, पण भेग म्हणून नाही. डोकं धरून बसले. तेव्हा आठवलं, मी परोटे लाटत होते नि तुम्ही म्हणालात, “वहिनी, जमीन वरून कडक, खाली तापून मऊ. खालची ताणली जाते, वरची तडकते.”

मग खाली तेलात मळलेला मैदा, वर सुकत आलेली माती. हळू ओढलं. मैदा पातळ होत गेला, माती तडकली, मधले तुकडे एकेक करून खाली घसरले. हुबेहूब कोलूच्या पायऱ्या! आपला कावेरीचा मुलूख अशाच खचलेल्या जागेत गाळ भरून झाला, असं तुम्ही सांगायचात नि मी हसायचे. आता नाही हसत.

एकच अडलंय. ओढ चालूच राहिली तर जमीन तुटते, मधे समुद्र येतो. अंटार्क्टिका तशीच आपल्यापासून गेली, म्हणायचात. थांबली तर खोलगट जागा उरते, ती नद्या भरतात. मुलींना काय दाखवू? मी ठरवलंय, तुटू द्यायचं नाही. पातळ झालं की थांबायचं आणि तांब्यानं कावेरीचं गढूळ पाणी ओतायचं.

हात चालतात तोवर दरवर्षी देवीच्या पायथ्याशी तुमचा भूगोल मांडीन, हा माझा शब्द. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर उलट टपाली कळवा. उद्या संध्याकाळपर्यंत पाट जोडूनच ठेवते.

तुमची,
वहिनी