आईचा एकच जिना

विल्सन क्रीक, नेब्रास्का
९ सप्टेंबर १९९६

चि. नोरीन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपली हटकून भांडणं होतात, म्हणून यापुढे पत्रं लिहा, असं आईने फर्मान काढलंय. पत्रात निदान समोरची मध्ये तोंड घालत नाही.

तुला नर्सिंगच्या वर्षभराच्या कोर्सला प्रवेश मिळाला, अभिनंदन. हे वाक्य आईसमोर बसून लिहिलं. आता ती टोमॅटो तोडायला परसात गेलीय, तेव्हा खरं लिहिते. माझा नुसता जळफळाट झालाय. नर्स व्हायचं मी ठरवलं होतं. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, जेवणाची टर्की कापता कापता, सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना बटाटे वाढणं आता पुरे. तेव्हा तू हसून म्हणालीस, या वयात? आणि नाताळ उलटत नाही तोच तिकडे लिंकनच्या कॉलेजात तूच अर्ज टाकलास. लहानपणीही मी लाल कोट मागितला की तुला लालच हवा असायचा.

इकडच्या कॉलेजात मी वेटिंग लिस्टवर आहे. नंबर लागेपर्यंत इतर विषय उरका म्हणाले, म्हणून तत्त्वज्ञान घेतलंय आणि 'विद्यार्थी यश' नावाचा एक विषय. यशाच्या बाई माझ्या थोरल्या मुलापेक्षा लहान आहेत. दिवसाचे रंगीत चौकोन पाडून वेळ कसा वाचवायचा ते शिकवतात. मला हसू आवरेना. मग पहिल्याच चाचणीत 'सी' मिळाला आणि हसू गेलं. हे आईला कळवू नकोस.

लोभ आहे. वाढवायचं मात्र सध्या जमणार नाही.
आर्लिस

लिंकन
२० ऑक्टोबर १९९६

प्रिय आर्लिस हिस,
स. न. वि. वि.

तुझा राग खरा आहे, मी नाकारत नाही. टर्कीच्या टेबलावर तू बोललीस, तेव्हा हिला जमलं तर जन्मभर मी हिची धाकटी बहीण एवढीच राहणार, असं वाटलं. म्हणून अर्ज केला. आता भोगते आहे.

वाचून तुला बरं वाटेल, की औषधाच्या मात्रांच्या गणितात मी नापास झाले. शंभरात नव्वद हवेत, आणि संधी दोनच. दुसऱ्यांदा गेले तर सरळ घरी. त्यात वृद्धाश्रमातल्या कामाच्या पहिल्याच दिवशी एका आजोबांना अंघोळ घालताना मलाच भोवळ आली. त्यांनीच हाका मारून मदत बोलावली.

आणि तू म्हणे तत्त्वज्ञानाच्या वर्गात गाजते आहेस. तुझा निबंध सरांनी वर्गात वाचून दाखवला, हे आईने दर रविवारी फोनवर सांगून झालंय. मी काय शिकते हे मात्र तिने एकदाही विचारलेलं नाही. मलाही जळता येतं, एवढंच कळवते.

तुझी, गणितात कच्ची,
नोरीन

विल्सन क्रीक
१२ जानेवारी १९९७

चि. नोरीन हिस,
अ. उ. आ.

दुसऱ्या खेपेला पास झालीस ते कळलं. पहिल्या खेपेला नापास झालीस तेव्हा मी ओव्हनमध्ये चेरी भरलेला केक भाजला होता. आईने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, चेरी संपवायच्या होत्या. पास झाल्याचं कळलं त्या दिवशी डब्यातलं सूप गरम केलं.

आमचे हॅल्डेन सर म्हणतात, माणूस राणीचा हेवा करत नाही, स्वतःच्या बरोबरीच्याचा करतो. मी हात वर करून विचारलं, बहीण असेल तर? सर म्हणाले, मग तर औषधच नाही. सगळा वर्ग हसला, मी सोडून.

आता मनात खुपतंय ते लिहिते. कोर्स संपताना नर्सची पिन लावायचा समारंभ होतो, त्यात प्रत्येक मुलीने आपलं एकच माणूस निवडायचं असतं, आणि ते स्टेजवर येऊन तिच्या कॉलरला पिन लावतं. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. परवा ती म्हणाली, तुम्हा दोघींना सांगते, स्टेजचा जिना मी एकदाच चढेन, दुसऱ्यांदाचं धरून चालू नका. पुढे तू आहेस, तेव्हा आई तुझी. मी अजून वेटिंग लिस्टवर. सकाळ-संध्याकाळ तिचे गुडघे चोळते मी, आणि ते चढणार तुझ्यासाठी. याचा मला इतका राग येतो, की चोळताना हात थांबतो.

कळावे,
आर्लिस

लिंकन
३० मार्च १९९७

प्रिय आर्लिस,
स. न. वि. वि.

समारंभ सतरा मेला आहे. कुणाचं नाव द्यायचं ते कॉलेजने विचारलं आणि मी तुझं दिलं. आईचं नाही. तुझी पाळी येईल तेव्हा तिचे गुडघे शिल्लक असू देत.

मोठेपणा करते आहे असं समजू नकोस. नाव लिहिताना हात अडला होता. पण लाल कोटासारखं नर्सिंगही मी आधी नेलंय, आता आईही नेली तर तू माझं तोंड बघणार नाहीस. काळे बूट घालू नकोस, सगळे पांढऱ्यात असतात.

येशील ना?
नोरीन

विल्सन क्रीक
२१ एप्रिल १९९७

चि. नोरीन हिस,
अ. उ. आ.

माझा नंबर लागला. पत्र हातात घेऊन मी गॅरेजमध्ये जाऊन रडले.

पण नव्या मुलींना बोलावलंय तेही सतरा मेलाच. त्या दिवशी जी हजर नसेल तिची जागा खालच्या नावाला जाते. मी ऑफिसात जाऊन विनवण्या केल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, सगळ्यांनाच बहिणी असतात.

मी येणार नाही, नोरीन. आणि तुला स्टेजवर एकटीला उभं राहू देणार नाही. आईला पाठवते आहे. शेजारचे वॉल्ट गाडीने आणतील. हे मी राजीखुशीने करत नाही, दात-ओठ खात करते आहे. तिचा निळा ड्रेस इस्त्री करताना दोनदा वाटलं, ती आजारी आहे असं तुला कळवावं. नाही कळवलं. माझ्या वेळी कोण येईल ते तेव्हा बघू.

आर्लिस

लिंकन
१८ मे १९९७

प्रिय आर्लिस हिस,
सप्रेम नमस्कार, आणि आधी हे वाच.

आई चढली. पायऱ्या पाचच होत्या, पण कठडा धरून, प्रत्येक पायरीवर थांबून चढली.  पिन लावताना मला जरा टोचलीच. तिने गालाचा पापा घेतला, वॉल्टचा हात धरून खाली उतरली, आणि मला वाटलं, झालं.

पुढचं नाव पुकारलं, ती मुलगी निघाली, तर आमची आई तिच्या आधी परत जिन्याशी. वॉल्ट मागून धावले, तर त्यांना हाताने बाजूला केलं. पुन्हा पाचही पायऱ्या चढली. प्राचार्यबाईंनी घाबरून विचारलं, काही राहिलं का? आई माईकपाशी गेली आणि म्हणाली, मघाशी चढले ती धाकटीसाठी. थोरली आजच नर्सिंगला दाखल झालीय. तिच्या वेळी जमतं की नाही, ते आत्ताच बघून घेतलं.

सगळं सभागृह उभं राहिलं. आर्लिस, एवढ्या टाळ्या आख्ख्या समारंभात कुणाला पडल्या नाहीत. माझा दिवस, माझं स्टेज, पिन माझ्या कॉलरला, आणि टाळ्या तुला, तू तिथे नसताना. मीही वाजवल्या. जळत होते, तरी सगळ्यात शेवटपर्यंत वाजवत होते.

तुझी,
नोरीन